कानडी मुलखात जपलेले एक मराठी पुराण

धारवाडच्या माणसाला किटेल हे नाव परके वाटत नाही. या नावाची महाविद्यालये आपल्या गावात आहेत, आणि कन्नड शब्दाचा अर्थ अडला की 'किटेल बघा' असे सांगणारी वडील मंडळी आपण पाहिली आहेत. फर्डिनांड किटेल यांचा जन्म १८३२ चा, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या प्रदेशातला. बासेल मिशनचे पाद्री म्हणून ते १८५३ साली हिंदुस्थानात आले आणि त्यांच्या सेवेची प्रारंभीची वर्षे धारवाडात गेली. पुढे सुमारे सत्तर हजार शब्दांचा त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली मंगळुरात छापून निघाला. मराठीतून कन्नडात आलेल्या शब्दांपुढे त्यांनी तसा निर्देश करून ठेवला आहे. आपल्या या मुलखाला त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत 'दक्षिण मराठा प्रदेश' म्हणत. येथे दोन भाषा एकमेकींच्या अंगणात कशा वावरत होत्या, याची ही एका परदेशी माणसाने केलेली नोंदच होय.

किटेल आले ते कोश रचायला नव्हे, धर्म सांगायला. तरीही ख्रिस्ती मंडळींच्या बाहेर त्यांचे जे स्मरण होते ते कोशामुळे, आणि नागवर्मा, केशिराज यांच्या जुन्या छंद:शास्त्र व व्याकरण ग्रंथांच्या संपादनामुळे. बाहेरून आलेला धर्म एखाद्या संस्कृतीत शिरतो तेव्हा नेमके काय घडते? तो त्या संस्कृतीला बदलतो, की ती त्याला बदलून घेते? या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. एक गौरवाची, दुसरी खंडनाची. मिशनऱ्यांची चरित्रे पहिल्या रीतीने लिहिली गेली आणि त्यांना दिलेली उत्तरे दुसऱ्या. तिसरी रीत अभ्यासाची. ती अधिक अवघड आहे, कारण तिच्यात आवडनिवड बाजूस ठेवून कागद वाचावे लागतात. प्रस्तुत लेखात आम्ही या तिसऱ्या वाटेने एका मराठी ग्रंथाच्या मागे जाणार आहोत. ही वाट गोव्यातून निघते आणि आपल्या कर्नाटकातून जाते, म्हणून ती येथील मराठी घराण्यांना विशेष जवळची वाटेल असा आमचा विश्वास आहे.

या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ विचार ज्या देशाच्या संदर्भात झाला तो देश चीन. त्याची कथा थोडक्यात सांगणे येथे उपयोगाचे होईल, कारण तिचा एक धागा गोव्यातच सुरू होतो. मातेओ रिची हा इटालियन जेझुइट १५७८ च्या सप्टेंबरात गोव्यास उतरला. मधला काही काळ कोचीत घालवून तो गोव्यास परतला आणि १५८२ साली मकावला गेला. गोव्यातून १५८१ साली रोमला धाडलेल्या पत्रात त्याने एक तक्रार नोंदविली आहे. हिंदी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व ईश्वरशास्त्र शिकू न देण्याचे धोरण त्याला मान्य नव्हते. चीनमध्ये गेल्यावर त्याने आधी बौद्ध भिक्षूचा वेष घेतला, पण तेथील समाजात मान विद्वानांना आहे हे ध्यानी येताच १५९५ पासून तो विद्वानांच्या वेषात वावरू लागला. त्याने चिनी अभिजात ग्रंथ अभ्यासले, श्यू ग्वांगची या चिनी विद्वानाच्या साहाय्याने युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग १६०७ साली चिनी भाषेत आणले, आणि ईश्वरासाठी 'स्वर्गाचा स्वामी' या अर्थाचा चिनी शब्द वापरून १६०३ मध्ये आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला. पूर्वजांना व कन्फ्यूशिअसला वाहिलेला आदर हा सामाजिक आचार आहे, मूर्तिपूजा नव्हे, अशी त्याची भूमिका होती.

रिची १६१० मध्ये पेकिंग येथे वारला आणि त्यानंतर वाद पेटला. ईश्वराला चिनी नाव द्यावे की लॅटिन? ख्रिस्ती झालेल्या चिनी माणसाने आजोबांच्या नावाच्या पाटीपुढे उदबत्ती लावावी की नाही? शंभराहून अधिक वर्षे हा वाद चालला. १७१५ साली पोपच्या आज्ञापत्राने हे आचार निषिद्ध ठरविले. ज्या खांगशी बादशहाने १६९२ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली होती, त्यानेच १७२१ मध्ये त्याच्या प्रचारास बंदी केली. १७४२ मध्ये रोमने निषेधावर पुन्हा शिक्कामोर्तब केले, आणि ती बंधने सैल व्हायला १९३९ साल उजाडावे लागले. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस चीनमधील विद्यापीठांत एक नवेच दृश्य दिसू लागले. कोणत्याही चर्चचे सभासद नसलेले विद्वान ख्रिस्ती विचाराचा संस्कृती आणि तत्त्वज्ञान म्हणून अभ्यास करू लागले. त्यांना 'सांस्कृतिक ख्रिस्ती' हे नाव पडले आणि १९९० च्या दशकात त्या नावावरूनही पुष्कळ वाद झडला. श्रद्धेवाचून धर्म कळतो काय, हा त्या वादाचा गाभा होता.

आता गोव्याकडे वळू. रिची गोव्यात असतानाच, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, त्याच संघाचा एक इंग्रज तेथे उतरला. हाच थॉमस स्टीफन्स, आपल्या पाठ्यपुस्तकांतील फादर स्टीफन्स. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात जन्मलेला हा मनुष्य भारतात वास्तव्य केलेल्या पहिल्या ज्ञात इंग्रजांपैकी एक होय. रिची पुढे निघून गेला. स्टीफन्स मात्र १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिला, आणि त्यातली बहुतेक वर्षे साष्टी प्रांतात.

ती साष्टी कशी होती हे लपवून चालणार नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झाले होते. १५६७ साली साष्टीतील देवळे मोठ्या संख्येने पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड गावकऱ्यांवर उगवला गेला. घरोघरीच्या पोथ्या जप्त होत होत्या. त्यातल्या काही जेझुइटांनी स्वत: अभ्यासासाठी रोमन लिपीत उतरवून घेतल्या, रामायण-महाभारतातील कथांची अशी हस्तलिखिते पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात आजही आहेत. ज्या हातांनी पोथ्या हिरावल्या त्याच हातांनी त्यांची नक्कल करावी, हा इतिहासाचा विलक्षण खेळ आहे. त्या नकलांमुळे हिरावणे क्षम्य ठरत नाही. पण त्या नसत्या तर सोळाव्या शतकातील त्या बोलीचा पुरावाही कदाचित उरला नसता.

स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. धर्मशिक्षण चालू असताना नवख्रिस्ती मंडळींपैकी एक जण पाद्रीला विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? सारा ग्रंथ या मागणीचे उत्तर म्हणून उभा केला आहे. प्रसंग लेखकाने योजिला असेल वा घडला असेल, त्यातली व्यथा मात्र खरी आहे. या माणसांनी धर्म बदलला होता, पण रात्री दिव्याभोवती बसून ओवी ऐकण्याची त्यांची भूक बदललेली नव्हती. स्टीफन्सने ती भूक ओळखली, हे त्याचे मोठेपण. ती भूक ज्या कारणाने निर्माण झाली त्या कारणाच्या बाजूनेच तो उभा होता, ही त्याची मर्यादा. अभ्यासकाने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हातात धरल्या पाहिजेत.

पुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या आगमनाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा छत्तीस अवस्वरूंत, म्हणजे अध्यायांत, येते. दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र एकोणसाठ अवस्वरूंत. ओव्यांची एकूण संख्या जवळजवळ अकरा हजार भरते. भाषा मराठी, पण साष्टीच्या श्रोत्यांना कळावी म्हणून तिच्यात कोकणी शब्द सढळपणे मिसळलेले. ओवी मात्र अस्सल. एकनाथांनी १५९९ मध्ये समाधी घेतली, त्यानंतर अवघ्या सतरा वर्षांत हा ग्रंथ छापला गेला, हे ध्यानी घेतले म्हणजे तो कोणत्या परंपरेच्या कुशीत बसतो ते उमगते. स्वर्गासाठी स्टीफन्स 'वैकुंठ' म्हणतो, ईश्वरासाठी 'देव' आणि 'परमेश्वर' म्हणतो. ज्या प्रश्नावर चीनमध्ये शतकभर रण माजले तो प्रश्न त्याने मराठीपुरता असा ओवीच्या ओघात सोडविला. मराठी भाषेची त्याने गायिलेली स्तुती आपण शाळेत पाठ केली आहे. रत्ने, फुले, सुगंध यांच्या उपमा देत एक परदेशी माणूस आपल्या भाषेला थोरवी देतो, याचे आपल्याला अप्रूप वाटते. पण ती स्तुती कोणत्या ग्रंथाचा भाग आहे याची आठवण फार थोड्यांना असते.

एक इच्छा मात्र त्याची अपुरी राहिली. हा ग्रंथ येथल्या लिपीत छापावा असे त्याच्या मनात होते. त्यासाठी त्याने १६०८ साली रोमला लिहिलेही होते. परंतु आपल्या लिपीत जोडाक्षरे पुष्कळ, त्यामुळे खिळ्यांचे साचे शेकड्यांनी लागणार. ते झाले नाहीत. १६१६ साली साष्टीतील राचोल येथे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीत. १६४९ व १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही.

याचे एक मोठे कारण धोरणात आहे. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला, की रहिवाशांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज भाषेत व्यवहार करावा. पहिल्या पिढीतील पाद्रींनी जी भाषा परिश्रमाने शिकून घेतली, तिचे व्याकरण लिहिले, तिच्यात पुराणे रचली, तीच भाषा आता राज्याला संशयास्पद वाटू लागली. चीनमध्ये रोमच्या आज्ञेने जे झाले तेच गोव्यात राजाज्ञेने झाले, असे म्हणावयास हरकत नाही. धर्म आणि भाषा यांच्यात जुळलेला सांधा सत्तेने उखडला.

आणि येथे ही कथा आपल्या बाजूस वळते. सोळाव्या ते अठराव्या शतकांत गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानडा जिल्ह्यात येऊन राहिली. कोणी इन्क्विझिशनच्या भयाने निघाले, कोणी दुष्काळाने, कोणी लढायांच्या धामधुमीत. येताना जे सोबत घेण्याजोगे होते त्यात ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रतीही होत्या. या मंडळींची घरची भाषा कोकणी, शेजारची तुळू, बाजारची व कचेरीची कन्नड. मराठी त्यांच्यापैकी कोणाचीही रोजची भाषा नव्हती. तरीही घरगुती प्रसंगी ते पुराण म्हटले जाई, आणि त्याच्या नकला होत राहिल्या. १७८४ साली टिपू सुलतानाने या समाजाला पकडून श्रीरंगपट्टणास नेले. १७९९ मध्ये टिपूच्या पाडावानंतर जे वाचले ते परतले, आणि त्यांनी मोडलेली घरे पुन्हा उभी केली. एवढ्या उलथापालथीतूनही काही प्रती टिकल्या. त्यांच्यावरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरात ख्रिस्तपुराणाची नवी आवृत्ती रोमन लिपीतच प्रसिद्ध केली. ज्या शहरात तेरा वर्षांपूर्वी किटेलांचा कोश निघाला होता, त्याच शहरात हे मराठी पुराण पुन्हा जन्मास आले.

त्यापुढे विद्वानांचे काम सुरू झाले. १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट यांनी विल्यम मार्सडन यांच्या संग्रहातील, लंडनमध्ये असलेल्या एका देवनागरी हस्तलिखिताकडे लक्ष वेधले. मंगळुरी पाठात जेथे पोर्तुगीज-लॅटिन वळणाचे ख्रिस्ती शब्द आहेत तेथे या प्रतीत बरेचदा संस्कृत शब्द येतात. मग मूळ पाठ कोणता, रोमन की नागरी? स्टीफन्सने स्वत: आधी कोणता लिहिला? पाठचिकित्सेचा हा वाद रुक्ष वाटला तरी त्याच्या पोटात मोठा प्रश्न आहे: आपला धर्म येथल्या शब्दांत किती सांगता येईल असे त्या कवीला वाटत होते? पुढे शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यातून ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती काढली आणि स्टीफन्सची साडेतीन शतके मागची इच्छा एका अर्थाने पुरी झाली. अ. का. प्रियोळकरांनी गोव्यातील मुद्रणाचा इतिहास शोधला, गंगाधर मोरजे यांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा विस्तृत आढावा घेतला. १९९६ मध्ये फादर कारिदाद द्राग यांची देवनागरी आवृत्ती मुंबईत निघाली, आणि फादर नेल्सन फलकांव यांनी केलेले संपूर्ण इंग्रजी भाषांतर २०१२ मध्ये बंगळुरात प्रसिद्ध झाले. नावे पाहा: त्यांत पाद्रीही आहेत आणि प्रियोळकरांसारखे ख्रिस्ती नसलेलेही. श्रद्धेवाचून धर्म कळतो काय, या चिनी वादाला मराठीने आपल्या परीने दिलेले हे उत्तर आहे. श्रद्धा असलेला आणि नसलेला, दोघांनाही एकच पोथी उलगडावी लागते, आणि ओवीचे चरण दोघांनाही सारखेच मोजावे लागतात.

स्टीफन्स बाहेरून आला होता. परंतु मराठी ख्रिस्ती साहित्याची खरी कसोटी लागली ती घरातल्याच माणसांनी लेखणी उचलली तेव्हा. त्यातले पहिले मोठे नाव आपल्या शेजारच्या बेळगावचे. बाबा पदमनजींचा जन्म तेथे १८३१ साली झाला, बाप्तिस्माही तेथेच १८५४ साली झाला, आणि १८५७ साली त्यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. हिंदू विधवांच्या दु:खाविषयीच्या या पुस्तकाला मराठीतील पहिली कादंबरी मानण्याचा प्रघात आहे. पुढे १८९५ मध्ये ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अभंग आणि कीर्तन या वारकरी वाटेने त्यांनी आपला नवा देव गायिला. १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तर धर्माची कोणतीही पाटी न लावता प्रत्येक मराठी घरात वाचली जातात. जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा काहींना त्यात नवल वाटले. चारशे वर्षांचा हा इतिहास ठाऊक असता तर वाटले नसते.

आता पुन्हा धारवाडात येऊ. एकेकाळी या भागातील शाळांत आणि कचेऱ्यांत मराठीचे वर्चस्व होते, आणि कन्नडला स्वत:च्याच मुलखात आपली जागा मागावी लागली होती. १८९० साली स्थापन झालेला कर्नाटक विद्यावर्धक संघ हे त्या मागणीचेच फळ. ही गोष्ट आपण मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. ज्यांच्या भाषेवर दुसऱ्या भाषेची छाया पडते त्यांना काय वाटते, हे साष्टीच्या त्या प्रश्नकर्त्याने सांगितले आहे. ते येथल्या कन्नड शेजाऱ्यांनीही अनुभवले, आणि काळाचे चक्र फिरल्यावर आपल्या मुलांनाही ते थोडे कळू लागले आहे. याच गावात मराठी बोलणाऱ्या घरात जन्मलेले द. रा. बेंद्रे कन्नडचे वरकवी झाले आणि मराठीतही त्यांनी कविता लिहिली. भाषेच्या अंगणाला एकच फाटक नसते हे त्यांनी स्वत: जगून दाखविले.

आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर आजही लाकडी पेट्या आहेत. त्यांत लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या, मोडीतील हिशेब आणि पत्रे, आजीच्या हातच्या ओव्यांची वही असते. घर विकताना वा नव्याने बांधताना त्या पेट्यांचे काय होते हे आपण जाणतो. नातवंडांना मराठी वाचता येत नाही, मग ठेवायचे कोणासाठी, असा प्रश्न येतो, आणि तो खोटा नाही. मंगळूरच्या त्या कुटुंबांपुढेही तोच प्रश्न असला पाहिजे. मराठी त्यांना बोलता येत नव्हती, महाराष्ट्राशी त्यांचा संबंध नव्हता, आणि आपण मराठी साहित्याचा ठेवा सांभाळतो आहोत असे त्यांच्या स्वप्नातही नसेल. आजोबा म्हणत, म्हणून त्यांनी ते म्हटले. आजोबांनी उतरविले, म्हणून त्यांनी पुन्हा उतरविले. जेथे तो ग्रंथ रचला गेला तेथे त्याची छापील प्रत उरली नाही. जे घर सोडून निघाले त्यांच्याकडे त्याची नक्कल उरली.

परमुलखात वसलेल्या घराण्यांनी ध्यानी ठेवावी अशी ही गोष्ट आहे. ग्रंथ वाचणारा विद्वान कधी येईल हे पेटी सांभाळणाऱ्याला ठाऊक नसते. स्टीफन्सच्या पुराणाला त्यासाठी तीनशे वर्षे लागली. तेव्हा निदान एवढे करू. माळा रिकामा करण्यापूर्वी फडके सोडून पाहू, वाचता येत नसेल तर वाचणाऱ्यास दाखवू, आणि कोणाच्या कोणत्या घरात काय आहे याची एक साधी यादी या मंडळाकडे लिहून ठेवू.